आठवी अनुसूची : बावीस भाषांची यादी आणि यादीबाहेरचा भारत

रिझर्व्ह बँकेची कोणतीही नोट उलटी करून पाहिली तर मागच्या बाजूस एक उभा चौकोन दिसतो. त्यात नोटेची किंमत पंधरा भाषांत छापलेली असते. ठळक अक्षरांतील हिंदी आणि इंग्रजी धरून नोटेवरील भाषा होतात सतरा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र भाषा आहेत बावीस. नोटेवर कोकणी व नेपाळी आहेत, पण सिंधी, मणिपुरी, मैथिली, संताळी, बोडो आणि डोग्री नाहीत. सिंधी तर १९६७ पासून अनुसूचीत आहे. उलट इंग्रजी अनुसूचीत नाही, तरी तिच्यावाचून नोट छापली जात नाही. भारतात 'मान्यताप्राप्त भाषा' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न या एका कागदाच्या तुकड्यावरूनही उपस्थित होतो.

मराठी वाचकाला या यादीची फारशी आठवण होण्याचे कारण नाही. मराठी पहिल्या दिवसापासून तीत आहे. ज्यांची भाषा यादीबाहेर आहे, त्यांच्या दृष्टीने मात्र ही यादी हा अस्मितेचा, शिक्षणाचा आणि पुष्कळदा रोजगाराचाही प्रश्न असतो. तिच्यासाठी उपोषणे झाली, मोर्चे निघाले, एका सशस्त्र चळवळीशी झालेल्या करारातही तिला स्थान मिळाले.

यादी कशासाठी होती?

आठवी अनुसूची ही 'राष्ट्रभाषांची यादी' आहे असा सार्वत्रिक समज आहे. घटनेत 'राष्ट्रभाषा' हा शब्दच नाही. कलम ३४३ नुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. आठव्या अनुसूचीचा उल्लेख मूळ घटनेत केवळ दोन ठिकाणी येतो. कलम ३४४(१) सांगते की, घटना अमलात आल्यापासून पाच वर्षांनी आणि पुन्हा दहा वर्षांनी राष्ट्रपतींनी राजभाषा आयोग नेमावा आणि त्यावर या भाषांचे प्रतिनिधी असावेत. कलम ३५१ सांगते की, हिंदीचा विकास करताना तिने हिंदुस्थानी आणि अनुसूचीतील इतर भाषांची रूपे, शैली व पदावली आत्मसात करावी. म्हणजे ही यादी भाषांच्या गौरवासाठी तयार झालेलीच नव्हती. आयोगावर कोणाला बसवायचे आणि हिंदीने शब्द कोठून घ्यायचे, एवढाच तिचा घटनात्मक उपयोग होता.

यापैकी पहिला आयोग १९५५ मध्ये नेमला गेला. मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्याचे अध्यक्ष होते. आयोगाचा अहवाल १९५६ मध्ये सादर झाला. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी आणि मद्रासचे पी. सुब्बरायन या दोन सदस्यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. हिंदीची घाई अहिंदी प्रदेशांना जाचक होईल, असा तिचा आशय होता. दहा वर्षांनी नेमायचा दुसरा आयोग कधी नेमलाच गेला नाही. त्यामुळे अनुसूचीच्या दोन मूळ प्रयोजनांपैकी एक केव्हाच निकाली निघाले, आणि यादी मात्र वाढत राहिली.

सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत भाषेच्या कलमांवर झालेली चर्चा समितीतील सर्वांत तापलेल्या चर्चांपैकी एक होती. हिंदीचे कट्टर समर्थक, हिंदुस्थानीचे पाठीराखे आणि दक्षिणेतील सदस्य यांच्यात अखेर कन्हैयालाल मुनशी व एन. गोपालस्वामी अय्यंगार यांच्या सूत्रावर तडजोड झाली. हिंदी राजभाषा, इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत आणि आकडे आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे, असे ते सूत्र होते. आकडे देवनागरी असावेत की नसावेत यावर सभासदांनी खर्च केलेला वेळ पाहता, यादीत कोणत्या भाषा असाव्यात या प्रश्नाच्या वाट्याला फारच थोडा वेळ आला असे म्हणावे लागते.

तेवढ्या वेळात एक सूचना आली, ती आज मुद्दाम आठवावी अशी आहे. छोटा नागपूरचे आदिवासी नेते आणि १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा यांनी मुंडारी, गोंडी आणि उराँव या तीन आदिवासी भाषांचा यादीत समावेश करण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. आसामी, बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, काश्मिरी, मल्याळम, मराठी, ओडिया (तेव्हाच्या नोंदीनुसार ओरिया), पंजाबी, संस्कृत, तमीळ, तेलुगू आणि उर्दू अशा चौदा भाषांनी अनुसूची सुरू झाली. त्यात एकही आदिवासी भाषा नव्हती. पहिल्या आदिवासी भाषांना प्रवेश मिळायला २००३ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही जयपालसिंग यांनी नावे घेतलेल्या तिन्ही भाषा बाहेरच राहिल्या. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख, कुरुख म्हणजे उराँव बोलणारे सुमारे वीस लाख आणि मुंडारी बोलणारे सुमारे सव्वाअकरा लाख आहेत.

चौदाच्या बावीस कशा झाल्या?

पहिली भर पडली ती सिंधीची. फाळणीनंतर सिंध प्रांत पाकिस्तानात गेला आणि उल्हासनगरपासून अजमेरपर्यंत विखुरलेल्या सिंधी समाजाला स्वतःचे राज्य उरले नाही. ज्या भाषेला भूमी नाही तिला राज्य सरकारचा आधार नाही, म्हणून केंद्रानेच तिला मान्यता द्यावी, असा सिंधी साहित्यिकांचा युक्तिवाद होता. एप्रिल १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने तो मान्य झाला. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहावी की देवनागरीत, हा वाद मात्र त्या समाजात पुढेही चालू राहिला. अनुसूची भाषेचे नाव सांगते, लिपी सांगत नाही. ही उणीव की सोय, यावर मतभेद असू शकतात.

दुसरी भर पडायला पंचवीस वर्षे जावी लागली. ऑगस्ट १९९२ मध्ये एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तीन भाषा यादीत आल्या. दार्जिलिंग आणि सिक्कीममध्ये २० ऑगस्ट हा भाषा मान्यता दिन म्हणून पाळला जातो आणि मणिपुरातही त्याच दिवशी भाषा दिन साजरा होतो. महानगरातील वाचकाला हा उत्सव अनाकलनीय वाटेल. ज्यांना आपली भाषा 'परदेशाची' असल्याचे वारंवार ऐकावे लागले, त्या भारतीय नेपाळी भाषकांना तो तसा वाटत नाही.

तिसरी भर २००३ ची. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकार, आसाम सरकार आणि बोडो लिबरेशन टायगर्स यांच्यात करार झाला. बोडो भाषेचा देवनागरी लिपीसह आठव्या अनुसूचीत समावेश करण्याचा विचार व्हावा, हे त्या करारातील एक कलम होते. त्याची पूर्तता करण्यासाठी आणलेले विधेयक मुळात एकट्या बोडोपुरते होते. संसदेत चर्चेच्या ओघात मैथिली, डोग्री आणि संताळी यांचीही भर पडली आणि चारही भाषा ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने एकदम आत आल्या. मैथिलीला मध्ययुगापासूनची, विद्यापतींची परंपरा आहे. तिला वाट मोकळी झाली ती आसामातील शस्त्रसंधीमुळे. भारतीय भाषांच्या इतिहासात असे योगायोग बरेच आढळतात.

या सर्व वाढीचा क्रम पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. भाषा किती जुनी, तिच्यात साहित्य किती, ती बोलणारे किती, यांपैकी कोणताही एक निकष सर्व बावीस भाषांना लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ जण होते, बोडो सांगणारे सुमारे पंधरा लाख. याच जनगणनेत भिली-भिलोडी या गटात एक कोटी चार लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली. यादीबाहेरच्या भाषांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा आहे. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान अशा चार राज्यांत ही माणसे विभागली गेली. कोणत्याही एका विधानसभेत त्यांच्या भाषेचा आवाज निर्णायक होऊ शकला नाही. संख्या असूनही भूमी एकवटलेली नसेल तर काय होते, त्याचे याहून ठळक उदाहरण नाही.

गोव्याचा धडा

मराठी समाजाचा या यादीशी सर्वांत निकटचा आणि कटू-गोड संबंध आला तो कोकणीच्या निमित्ताने. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद जुना. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि अभ्यासकांचा वाद रस्त्यावर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, ही दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची भूमिका होती आणि कोकणी ही मराठीची बोली आहे हा तिचा एक आधार होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात सुमारे चौतीस हजारांच्या मताधिक्याने विलीनीकरण फेटाळले गेले. त्या प्रचारात कोकणी गाणी आणि वृत्तपत्रे यांनी बजावलेली भूमिका आज सर्वमान्य आहे.

पुढचा टप्पा साहित्य अकादमीचा. सुनीतिकुमार चटर्जी अकादमीचे अध्यक्ष असताना, १९७५ मध्ये, अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. खेर आयोगात भिन्नमत नोंदवणारे चटर्जी हेच. महाराष्ट्रात त्यावर नाराजी उमटली. १९७७ चा पहिला कोकणी अकादमी पुरस्कार रवींद्र केळेकर यांना 'हिमालयांत' या पुस्तकासाठी मिळाला. गोव्याच्या विधानसभेने ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत केला, तो त्याआधीच्या काही महिन्यांतील हिंसक आंदोलनानंतर. देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. १९९२ मध्ये अनुसूचीत नाव आले तेव्हा लढाईचा मोठा भाग आधीच जिंकला गेला होता.

यातून कोकणीच्या घरातील वाद मिटला असे मात्र नाही. कायद्याने आणि अकादमीने देवनागरी स्वीकारल्यामुळे रोमन लिपीत लिहिणारा, प्रामुख्याने ख्रिस्ती, लेखकवर्ग दुखावला. तियात्र या लोकप्रिय नाट्यप्रकाराची संहिता, शतकभराची नियतकालिके आणि कादंबऱ्या रोमी लिपीत आहेत. मंगळुरूकडील कोकणी लेखक कन्नड लिपी वापरतात, केरळात मल्याळम लिपीही वापरात होती. एका भाषेची अधिकृत मान्यता ही तिच्यातील एका रूपाची मान्यता ठरते आणि उरलेल्यांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. मराठीने आपल्या बोलींशी केलेल्या व्यवहाराची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

केळेकर यांना २००६ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि नंतर दामोदर मावजो यांनाही तो मिळाला. 'या भाषेत साहित्य कोठे आहे?' हा एकेकाळी हमखास विचारला जाणारा प्रश्न आता कोणी विचारत नाही.

नाव आल्याने काय मिळते?

पुष्कळांना वाटते तितके नाही, आणि टीकाकार म्हणतात तितके थोडेही नाही. राज्याची राजभाषा ठरवण्यासाठी अनुसूचीची गरज नसते. कलम ३४५ नुसार राज्य विधिमंडळ त्या राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा स्वीकारू शकते. त्रिपुराने १९७९ मध्ये कोकबोरोकला, छत्तीसगडने २००७ मध्ये छत्तीसगढीला तो दर्जा दिला. मिझोराममध्ये मिझो चालते. यापैकी एकही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. साहित्य अकादमीची यादीही वेगळी आहे. अकादमी चोवीस भाषांना मान्यता देते, त्यात इंग्रजी आणि राजस्थानी आहेत. विजयदान देथा यांना १९७४ मध्ये राजस्थानीसाठी अकादमी पुरस्कार मिळाला, पण राजस्थानी अद्याप अनुसूचीबाहेरच आहे. मैथिलीला अकादमीचा पहिला पुरस्कार १९६६ मध्ये आणि डोग्रीला १९७० मध्ये मिळाला होता. घटनेचे दार उघडण्याआधी तीस-पस्तीस वर्षे साहित्याचे दार उघडले होते.

हिंदीतील नामवंत कवी नागार्जुन यांचे उदाहरण बोलके आहे. मैथिलीत ते 'यात्री' या नावाने लिहीत आणि अकादमीचा पुरस्कार त्यांना १९६८ मध्ये मिळाला तो मैथिली कवितासंग्रहासाठी. हिंदी साहित्याच्या इतिहासात ज्यांना मोठे स्थान आहे, त्यांना पुरस्कार देताना अकादमीने त्यांच्या आईच्या भाषेला स्वतंत्र मानले. जनगणना मात्र त्या काळात मैथिलीला हिंदीतच मोजत होती.

प्रत्यक्ष लाभाचा विषय निघाला की पहिले नाव येते केंद्रीय लोकसेवा आयोगाचे. नागरी सेवा मुख्य परीक्षेत अनुसूचीतील एका भारतीय भाषेचा तीनशे गुणांचा पात्रता पेपर असतो (ईशान्येतील काही राज्यांच्या उमेदवारांना त्यातून सूट आहे). निबंध आणि सामान्य अध्ययनाची उत्तरे अनुसूचीतील भाषेत लिहिता येतात आणि तिचे साहित्य हा पाचशे गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो. नंदुरबारच्या भिल्ल तरुणाला किंवा गडचिरोलीच्या गोंड तरुणीला ही सोय आपल्या मातृभाषेत नाही, त्यांना मराठीत किंवा हिंदीत लिहावे लागते. मैथिली किंवा संताळी भाषक उमेदवाराला ती आहे. 'प्रतीकात्मक' म्हणून ही मागणी मोडीत काढणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतलेला नसतो.

संसदेत बोलण्याचा हक्क कलम १२० नुसार मातृभाषेशी जोडलेला आहे. मात्र दुभाषी नसेल तर बोलून उपयोग काय? राज्यसभेत २०१८ मध्ये डोग्री, काश्मिरी, कोकणी, संताळी आणि सिंधी यांच्यासाठी दुभाष्यांची व्यवस्था झाली आणि बावीसही भाषांत भाषणाची सोय पूर्ण झाली. अलीकडच्या काळात संगणकीय भाषांतराच्या सरकारी प्रकल्पांचेही तेच झाले आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' या उपक्रमाचा पाया बावीस अनुसूचित भाषांचा आहे. यंत्राला भाषा शिकवायची तर मोठा लेखी आणि ध्वनिमुद्रित साठा लागतो. जी भाषा यादीत आहे तिचा साठा सरकारी खर्चाने वाढतो, जी नाही तिचे भवितव्य एखाद्या विद्यापीठावर किंवा उत्साही कार्यकर्त्यांवर सोपवलेले असते.

मोजणीचे गणित

या यादीचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे जनगणनेवरचा. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावे होती १९,५६९. स्पेलिंगचे फरक, गावांची व जातींची नावे वगळून आणि छाननी करून त्यातून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. त्यांपैकी किमान दहा हजार लोक बोलतात अशा मातृभाषा एकत्र करून १२१ भाषांचे गट केले गेले, त्यांत बावीस अनुसूचित आणि नव्याण्णव इतर. दहा हजारांखालच्या भाषा 'इतर' या एका रकान्यात जातात. हा उंबरठा १९७१ पासूनचा आहे. १९६१ च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषांची यादी छापली होती. अभ्यासकांना आजही त्या खंडाकडेच वळावे लागते.

हिंदीचा ५२ कोटी ८३ लाखांचा आकडा असाच तयार झाला आहे. नुसते 'हिंदी' असे सांगणारे सुमारे ३२ कोटी होते. उरलेल्यांत पाच कोटींहून अधिक भोजपुरी, अडीच कोटींवर राजस्थानी, दीड कोटींवर छत्तीसगढी आणि सव्वा कोटींच्या घरात मगही भाषक आहेत. भोजपुरीच्या समावेशाची मागणी संसदेत कितीतरी वेळा आली. तिला विरोध आहे तो मुख्यतः हिंदीच्याच काही अभ्यासकांचा. एकेक बोली अशी बाहेर पडली तर हिंदीची संख्या घटेल, ही त्यांची भीती असते. मैथिलीच्या बाबतीत नेमके तसेच घडले. १९९१ पर्यंत ती हिंदीखाली होती, २००१ च्या तक्त्यांत ती स्वतंत्र झाली आणि २०११ मध्ये तिचा आकडा एक कोटी पस्तीस लाखांवर गेला.

मराठी हा आकड्यांचा खेळ दुरून पाहते असे नाही. २०११ मध्ये आठ कोटी तीस लाख भाषकांसह तिने तेलुगूला मागे टाकून तिसरा क्रमांक घेतला, याचा अभिमानाने उल्लेख होतो. त्याच तक्त्यात 'खानदेशी' ही भाषा मराठीपासून वेगळी दाखवलेली आहे. अठरा लाखांहून अधिक भाषक असलेल्या या गटात अहिराणी येते. १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, तेव्हा खानदेशातील त्या बोलीला मराठीने आपले वैभव म्हणून डोक्यावर घेतले. जनगणना मात्र त्या मुलखातील बोलीला परकी ठरवते. मालवणीची गंमत आणखी निराळी. 'मालवणी' अशी नोंद करणारा जनगणनेत कोकणी भाषक ठरतो. 'वस्त्रहरण' पाहून पोट धरून हसणाऱ्या मुंबईकर प्रेक्षकाला आपण कोकणी नाटक पाहिले असे कोणी सांगितले तर तो चकित होईल.

मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, म्हणजे तिचे नातेवाईक झारखंड-ओडिशात आहेत. सात लाखांहून अधिक लोक ती बोलतात. यवतमाळ-नांदेडच्या बाजूची कोलामी द्रविड कुळातील आहे. या भाषांना बोली म्हणण्याची सवय मराठीत अजून गेलेली नाही. त्या मराठीच्या बोली नाहीत आणि कधी नव्हत्या. शाळेतील पहिलीच्या मुलाला मराठी ही परभाषा असते, हे वास्तव या एका शब्दाने झाकले जाते. मूल गप्प बसते आणि शिक्षक त्याला 'मंद' समजतात, अशा तक्रारी आदिवासी भागात काम करणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांनी अनेक वर्षे केल्या आहेत. कलम ३५०क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्यास राज्यांना सांगते, आणि तेथे अनुसूचीची अट नाही.

लिपी हाच पहिला प्रश्न

लेखी परंपरा उशिरा सुरू झालेल्या भाषांना व्याकरण, शब्दकोश आणि पाठ्यपुस्तके यांच्याही आधी लिपी ठरवावी लागते. संताळी रोमन, बंगाली, ओडिया आणि देवनागरी अशा चार लिप्यांत विभागली गेली होती. मयूरभंजचे शिक्षक पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी ही स्वतंत्र लिपी तयार केली आणि पुढे नाटके-पुस्तके लिहून ती गावोगाव पोहोचवली. बोडो भाषकांनी १९७४-७५ मध्ये रोमन लिपीसाठी आंदोलन केले. त्यात गोळीबार होऊन माणसे दगावली आणि अखेर तडजोड देवनागरीवर झाली. मणिपुरीत बंगाली लिपीच्या जागी जुनी मैतेई मयेक परत आणण्याची चळवळ यशस्वी झाली.

गोंडीपुढे हा प्रश्न अधिक बिकट आहे. महाराष्ट्रात देवनागरी, तेलंगणात तेलुगू लिपी आणि शेजारच्या भाषांचा शब्दसंग्रहावरील प्रभाव, यामुळे एका राज्यातील गोंडी दुसऱ्या राज्यातील गोंडीभाषकाला अनेकदा परकी वाटते. निरनिराळ्या राज्यांतील गोंड प्रतिनिधींनी अनेक कार्यशाळांत एकत्र बसून तयार केलेला सुमारे तीन हजार शब्दांचा प्रमाण कोश २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आदिलाबाद भागातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांतील लिपीला त्याच वर्षी युनिकोडमध्ये स्थान मिळाले. यादीत जाण्याची पात्रता म्हणजे जर प्रमाण रूप असेल, तर ते घडवण्यासाठी लागणारा पैसा यादीत गेल्यावरच मिळतो, हा या भाषांपुढचा पेच आहे.

निकषांचा घोळ

समावेशाचे निकष ठरवण्यासाठी पाहवा समिती (१९९६) आणि सीताकांत महापात्र समिती (२००३) अशा दोन समित्या झाल्या. निकष निश्चित झाले नाहीत. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेला वेळोवेळी दिलेल्या उत्तरांत अडतीस भाषांच्या मागण्या प्रलंबित असल्याचे नमूद केले आहे. त्यांत भोजपुरी, राजस्थानी, तुळू, गोंडी, मुंडारी, हो, कुरुख, मिझो, खासी आहेत, आणि पालीही आहे. बोली आणि भाषा या सतत बदलणाऱ्या गोष्टी असल्याने ठाम निकष ठरवणे अवघड आहे, असे सरकारचे उत्तर असते. उत्तर शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे नाही. मात्र निकष नसताना चार वेळा मिळून आठ-नऊ भाषांचा निर्णय करता येतो आणि उरलेल्यांचा करता येत नाही, याचे स्पष्टीकरण त्यात मिळत नाही. नेमके सांगायचे तर, निर्णय तीनच वेळा झाला आणि भाषा आठ वाढल्या. अधूनमधून ऐकू येणारे इतर आकडे ओरियाचे नाव २०११ मध्ये ओडिया करणारी दुरुस्ती त्यात मिसळल्याने येतात.

'अभिजात भाषा' या दर्जाशीही अनुसूचीची गल्लत होते. २००४ मध्ये तमीळपासून सुरू झालेली ही स्वतंत्र, प्रशासकीय निर्णयाने दिली जाणारी मान्यता आहे. रंगनाथ पठारे समितीच्या अहवालानंतर दशकभर वाट पाहून मराठीला हा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, तेव्हा तिच्यासोबत बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत होत्या. पाली व प्राकृत आठव्या अनुसूचीत नाहीत.

इंग्रजीला यादीत घेण्याचा प्रस्ताव फ्रँक अँथनी यांनी १९५९ मध्ये लोकसभेत मांडला होता. तो मंजूर झाला नाही, पण त्या चर्चेतच पंडित नेहरूंनी अहिंदी भाषकांना हवी असेल तोवर इंग्रजी राहील, असे आश्वासन दिले. २०११ मध्ये इंग्रजी मातृभाषा सांगणारे दोन लाख साठ हजारांच्या आसपास होते.

यादीबाहेरच्या भाषांतील लेखकांसाठी साहित्य अकादमीने १९९६ पासून 'भाषा सन्मान' सुरू केला. त्याच वर्षी गणेश देवी यांनी बडोद्यात भाषा संशोधन केंद्र उभारले. त्यांच्या पुढाकाराने २०१० नंतर झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. वाहरू सोनवणे यांच्यासारखे कवी भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून लिहीत आले आहेत. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने भिलीचा आकडा आजही एक कोटी चार लाख हाच सांगावा लागतो.